'बेटर' म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मी संध्याकाळी इंग्रजीची शिकवणी घेतो. दहावीची पोट्टी, पोलीस भरतीवाले, तलाठी परीक्षेची तयारी करणाऱ्या दोघी-तिघी सुना आणि एक कृषी केंद्रवाला भाऊ, असा आमचा वर्ग. 'बेटर' या एका शब्दावर जेवढे प्रश्न येतात तेवढे दुसऱ्या कशावर येत नाहीत. काही वहीत लिहून येतात, काही मोबाइलवर, काही थेट पानठेल्यावर. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एका जागी लिहून ठेवले आहेत.

१. 'गुड' आणि 'बेटर' यांत फरक काय? दोन्हीचा अर्थ चांगलाच ना?

'गुड' एकट्याला चालतं. 'बेटर'ला जोडीला दुसरं काहीतरी लागतं, मग ते बोललेलं असो की मनातलं. बियाण्याचा माणूस पाकीट हलवत "भाऊ, हे बेटर आहे" म्हणतो तेव्हा त्याला एकच विचारावं: कशापरीस? त्याचं उत्तर नसेल तर त्यानं 'गुड' म्हणायला हवं होतं.

आणखी एक. 'बेटर' हे 'गुड'चं पुढचं रूप आहे तसंच 'वेल'चंही आहे. 'शी सिंग्ज वेल' म्हणजे ती छान गाते, 'शी सिंग्ज बेटर दॅन मी' म्हणजे माझ्यापेक्षा छान गाते. नामाचा गुण असो की क्रियेची रीत, शब्द एकच.

२. मराठीत 'बेटर'साठी एक शब्द का नाही?

कारण आपल्याला त्याची गरज पडत नाही. "हा बैल चांगला." "हा बैल त्याच्यापरीस चांगला." दोन्ही वाक्यांत 'चांगला' जसाच्या तसा आहे, त्याला काही झालं नाही. तुलनेचं सगळं ओझं 'परीस'नं उचललं. पुस्तकी मराठीत तेच काम 'पेक्षा' किंवा 'हून' करतं. 'पेक्षा' हा मुळात संस्कृत 'अपेक्षा'. त्याच्या अपेक्षेनं, म्हणजे त्याच्याकडे पाहता, हा चांगला. म्हातारी माणसं अजूनही 'परीस'च म्हणतात आणि माझ्या मते तेच जास्त गोड लागतं.

इंग्रजीत मात्र दोन्हीकडे खूण लागते. विशेषणही बदलतं आणि मध्ये 'दॅन'ही येतो. आमच्या वर्गातल्या निम्म्या चुका इथंच जन्म घेतात. 'दॅन' टाकला म्हणजे झालं, असं समजून पोरगं लिहितं, 'धिस बुलक इज गुड दॅन दॅट'. मराठीच्या हिशेबानं ते अगदी बरोबर आहे. दुसरी चूक याच्या उलटी, ती प्रश्न ८ मध्ये.

'अधिक चांगला' हे मराठीत नाही का, असंही कोणी विचारतं. आहे, पण "औंदा अधिक चांगलं पीक आलं" असं आमच्या गावात कोणी म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. मला तरी त्यात परिपत्रक ऐकू येतं.

३. 'टॉल'चं 'टॉलर' होतं, मग 'गुड'चं 'गुडर' का होत नाही?

'जातो'चं 'जाला' का होत नाही, 'गेला' का होतं? मराठीनं दोन वेगळ्या धातूंची सोयरीक लावून दिली: 'जा' आला संस्कृत 'या'कडून, 'गेला' आला 'गम्'कडून. आपण ते इतक्या लहानपणी गिळलेलं असतं की विचित्र वाटत नाही. इंग्रजीनं 'गुड' एका घराण्यातून घेतला, 'बेटर' आणि 'बेस्ट' दुसऱ्या घराण्यातून. 'बॅड'चं 'वर्स'ही तसंच. जे शब्द दिवसातून शंभरदा तोंडात येतात त्यांचाच असा वाकडेपणा टिकतो. क्वचित वापरायचा शब्द असता तर कुणीतरी कधीच सरळ करून टाकला असता.

संस्कृतात तर नेमकी हीच गंमत आहे. 'प्रशस्य' म्हणजे चांगला, त्याच्याहून चांगला 'श्रेयस्', सगळ्यांत चांगला 'श्रेष्ठ'. पाणिनीनं त्यासाठी वेगळं सूत्रच केलं: 'प्रशस्यस्य श्रः'. गीतेतलं 'श्रेयान् स्वधर्मो विगुणः' ज्यांना पाठ आहे त्यांनी 'श्रेयान्'च्या जागी 'बेटर' ठेवून पाहावं. चपखल बसतं.

४. 'बेटर' शब्द आला कुठून?

जुन्या इंग्रजीत तो 'बेतेरा' होता. जर्मन भाषेत त्याचा भाऊ 'बेसर', डचमध्ये 'बेटर', स्वीडिशमध्ये 'बेत्रे'. याच घराण्यातली गॉथिक नावाची भाषा आता बोलली जात नाही, पण चौथ्या शतकातल्या बायबलच्या भाषांतरामुळे तिचे शब्द शिल्लक आहेत. तिच्यात हा शब्द 'बातिझा' होता. त्या 'झ'चा पुढे 'र' झाला आणि तोच आज 'बेटर'च्या शेपटीला आहे. 'टॉलर', 'बिगर', 'स्मॉलर' या सगळ्यांची शेपटी तीच.

ही शेपटी आपल्या ओळखीची आहे. संस्कृतचा 'ईयस्' प्रत्यय आणि इंग्रजीचा हा 'अर' एकाच जुन्या मुळाचे. 'बेस्ट'मधला 'स्ट' आणि 'श्रेष्ठ'मधला 'ष्ठ' हेही भाऊ-भाऊ. ज्येष्ठ, कनिष्ठ, वरिष्ठ हे सगळे त्या कुळातले. पंचायत समितीत 'कनिष्ठ सहायक' अशी पाटी दिसते, तिच्यात इंग्रजी 'स्मॉलेस्ट'चा प्रत्यय बसलेला आहे. हे सांगितलं की वर्गात पहिल्यांदा शांतता होते.

'बेट' या मुळापासूनच जुन्या इंग्रजीत 'बोत' असा शब्द होता, अर्थ उपाय, भरपाई, फायदा. तो आज 'टू बूट' या बोलण्यात उरला आहे, म्हणजे 'वरून आणखी'. भाजीवालीनं तोलून झाल्यावर पिशवीत मूठभर सांभार (कोथिंबीर) टाकला तर तो 'टू बूट'. पायातल्या बुटाचा याच्याशी संबंध नाही, तो शब्द निराळा.

भद्रावतीच्या एका मुलानं विचारलं होतं, संस्कृत 'भद्र' आणि 'बेटर' एकच का? जुन्या काही कोशांनी तसं नातं जोडलं आहे, पण सगळे अभ्यासक ते मानत नाहीत. परीक्षेत लिहू नये.

५. हिंदीतलं 'बेहतर' आणि इंग्रजी 'बेटर' एकच शब्द आहे ना? ऐकायलाही सारखा, अर्थही सारखा!

नाही. हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि उत्तर ऐकून सगळ्यांत जास्त लोक नाराज होतात.

दोन्ही शब्द फोडून पाहा. 'बेहतर' फारसी आहे: 'बेह' म्हणजे चांगला, त्याला 'तर' जोडला. हा 'तर' म्हणजे आपल्या 'उच्चतर'मधलाच. 'बदतर' आणि 'कमतर' त्याच साच्यातले. 'बेह'चं मूळ जुन्या इराणी 'वोहु'मध्ये आणि त्याची संस्कृतातली बहीण 'वसु'. 'बेटर' मात्र 'बेट' अधिक 'अर' असा फुटतो. एकीकडे 'त' प्रत्ययाचा आहे, दुसरीकडे 'ट' मूळ शब्दाचा. दोन वेगळ्या गावांतल्या माणसांचे चेहरे जुळावेत, तसं हे जुळलं आहे.

'बेहतर' आपल्याकडे मात्र केव्हाचा येऊन राहिला आहे, फक्त आपण त्याला एक 'त' जास्त देतो. "जीव गेला तरी बेहत्तर, पण वावर विकणार नाही." इथं 'बेहत्तर'चा अर्थ 'चालेल, तेच बरं'. म्हणजे मराठीत तुलनेचं रूप नाही असं मी प्रश्न २ मध्ये म्हटलं, त्याला हा पाहुणा एक अपवाद. पण त्याला 'पेक्षा' लावून कोणी बोलत नाही, म्हणून तो अपवादही अर्धाच.

६. आमचे आजोबा 'बेस झालं' म्हणतात. ते 'बेस्ट'चं बिघडलेलं रूप का?

आजोबांच्या बोलण्यात काही बिघडलेलं नाही. 'बेस' फारसी 'बेश'वरून आला, त्याचा अर्थ 'अधिक'. 'कमी-बेशी' म्हणतो त्यातला 'बेशी' तोच. 'अधिक'वरून 'चांगलं'कडे अर्थ सरकला. इंग्रजी शाळा गावात येण्याच्या कितीतरी आधीपासून तो आपल्या बोलीत आहे.

७. "पेपर बरा गेला" याचं इंग्रजी 'माय पेपर वेंट बेटर' होईल का?

होणार नाही, आणि याचं कारण जरा निवांत सांगण्यासारखं आहे.

'बरा' आला संस्कृत 'वर'वरून. 'वर' म्हणजे निवडून घेण्याजोगा, उत्तम. संस्कृतात 'वरम्' हा तर सरळ 'बेटर'च्या जागी येतो. आपल्या रामटेकलाच मेघदूतातला रामगिरी मानतात, आणि त्या काव्याच्या सुरुवातीलाच कालिदासाचं वाक्य आहे: 'याच्ञा मोघा वरमधिगुणे नाधमे लब्धकामा'. थोराकडे मागून रिकाम्या हातानं परतणं बरं, नीचाकडून मिळालेलंही नको. तिथला 'वरम्' आणि आपला 'बरं' एकच, अर्थही एकच. "उपाशी राहिलेलं बरं, पण त्याच्या दारात जाणार नाही" हे आमच्या गावातलं वाक्य त्याच चालीचं आहे.

पण एकट्यानं वापरला की 'बरा' घसरतो. "पोरगा कसा आहे?" "बरा आहे." म्हणजे फार चांगला नाही, वाईटही नाही, लग्नाला हरकत नाही. परवा एक मुलगी गणिताचा पेपर देऊन आली. विचारलं तर म्हणाली, "सर, बरा गेला." चेहरा पाहूनच कळलं की तीसच्या आसपास आहे. तिनं तेच इंग्रजीत 'बेटर' म्हणून लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला वाटलं असतं की मागच्या वेळेपेक्षा भारी गेला. अशा 'बरा'ला इंग्रजीत 'ऑल राइट' किंवा 'सो-सो' म्हणावं.

८. 'मोअर बेटर' चूक का? 'मोअर ब्यूटिफुल' तर चालतं.

'बेटर'मध्ये 'मोअर' आधीच विरघळलेला आहे. चहात साखर घालून वर गूळ टाकल्यासारखं होतं. लांब शब्दांना शेपटी लावणं अवघड, म्हणून त्यांना 'मोअर' पुढे लावतात. आखूड शब्दांना शेपटी पुरते. दोन्ही एकदम नको. मराठीत विशेषण बदलतच नसल्यानं 'बेटर' हा बदललेला शब्द आहे, हेच पोरांच्या लक्षात येत नाही, म्हणून ती आणखी एक खूण जोडतात.

कुणी अडवलंच तर सांगावं की शेक्सपिअरनंही लिहिलंय: 'द टेम्पेस्ट' नाटकात 'मोअर बेटर' आहे. त्या काळी अशी दुहेरी रूपं चालत. १८ व्या शतकातल्या व्याकरणवाल्यांनी ती मोडीत काढली. 'लेसर' मात्र त्यांच्या हातून सुटला, 'लेस' आधीच तुलनेचा असताना त्याला वर शेपटी. आणि आपले पेपरवाले 'श्रेष्ठतम' लिहितात ते काय वेगळं आहे? ('मोअर' चालत नाही, मग काय चालतं, ते पुढच्या प्रश्नात.)

९. खूपच चांगलं सांगायचं असेल तर 'व्हेरी बेटर' म्हणावं का?

'व्हेरी गुड', पण 'मच बेटर'. 'फार बेटर', 'अ लिटल बेटर', 'स्लाइटली बेटर' हेही चालतं. इथला 'फार' इंग्रजीच आहे, मराठी 'फार' समजून लक्षात ठेवला तरी काम भागतं.

नेमका आकडा सांगता येतो तिथं 'बाय' येतो, पण 'बेटर'सोबत सहसा नाही, कारण चांगुलपणा काट्यावर तोलता येत नाही. भाव तोलता येतो. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, मध्यम धाग्याचा ७,१२१. म्हणजे पहिला 'हायर बाय फोर हंड्रेड रुपीज'. आणि पहिला धागा 'मच बेटर'.

१०. 'दॅन' आणि 'देन' यांत नेहमी गोंधळ होतो. लक्षात कसं ठेवावं?

तुलनेचा तो 'ए'वाला, 'मग' या अर्थाचा तो 'ई'वाला. गोंधळ होतो याची लाज वाटू देऊ नका. मुळात तो एकच शब्द होता, १७०० च्या सुमारास त्याची स्पेलिंगं कायमची वेगळी झाली. "हा चांगला, मग तो" असं म्हणता म्हणता तुलना तयार झाली, असं त्याचं एक स्पष्टीकरण देतात.

११. 'पेक्षा' आला की 'दॅन' लावायचाच ना?

बहुतेक वेळा. अडचण येते ती लॅटिनमधून आलेल्या शब्दांना. 'सीनियर', 'ज्युनियर', 'सुपीरियर', 'इन्फीरियर' यांच्यापुढे 'टू' येतो: 'ही इज सीनियर टू मी'. 'प्रिफर'लाही 'टू'च. भरती परीक्षेत यावर प्रश्न हमखास ठेवलेला असतो.

'एल्डर'चं प्रकरण वेगळं. त्याच्यापुढे 'दॅन' नाही आणि 'टू'ही नाही. तो घरातल्यांसाठी, नामाच्या आधी: 'माय एल्डर ब्रदर'. तुलना करायची तर 'ओल्डर दॅन मी'. आपल्या 'थोरला'सारखाच आहे तो. थोरला भाऊ म्हणतो, पण "तो माझ्यापेक्षा थोरला" म्हणताना जीभ अडखळते, तिथं 'मोठा'च येतो.

१२. 'माय कॉटन इज बेटर दॅन रामभाऊ' यात चूक काय? सरांनी लाल रेघ मारली.

तुम्ही कापसाची तुलना रामभाऊंशी केली, म्हणून. मराठीत आपण "रामभाऊच्या कापसापरीस" म्हणतो, निदान "रामभाऊच्यापेक्षा" तरी. तो 'च्या' इंग्रजीतही न्यावा लागतो: 'दॅन रामभाऊज'. एवढीशी खूण नसेल तर रामभाऊ गाठोड्यात बांधून जिनिंगला जातात.

याच जातीची दुसरी चूक: 'माय कॉटन इज बेटर दॅन एनी कॉटन इन द व्हिलेज'. तुमचा कापूसही गावातच आहे, म्हणजे तो स्वतःपेक्षा चांगला ठरला. 'एनी अदर' म्हणा.

१३. 'बेटर दॅन आय' की 'बेटर दॅन मी'?

बोलताना 'मी'. परीक्षेत 'आय' किंवा त्याहून सुरक्षित 'दॅन आय डू'. इंग्रज लोक यावर १८ व्या शतकापासून भांडत आहेत, आपण मध्ये पडू नये.

१४. 'हॅड बेटर' म्हणजे 'केलं तर बरं होईल' असंच ना? मग अर्जात का वापरू नये?

आमच्या एका विद्यार्थ्यानं वापरलं होतं. पीककर्ज अडकलं होतं, गडी हुशार, त्यानं बँकेला इंग्रजीतून पत्र लिहिलं: 'यू हॅड बेटर सँक्शन माय क्रॉप लोन'. मनात होतं "मंजूर केलं तर बरं होईल साहेब". साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, "धमकी देतोस काय?" पोरगं घामाघूम होऊन माझ्याकडे आलं. पत्र वाचून मला हसू आवरेना, पण चूक माझी होती. मीच वर्गात 'हॅड बेटर म्हणजे बरं' एवढंच सांगून पुढे गेलो होतो.

'हॅड बेटर'च्या मागे एक न बोललेलं 'नाहीतर' उभं असतं. बाप पोराला म्हणतो, "घरी गेलेलं बरं," त्या सुरातला हा 'बरं'. मित्राला चालतो, धाकट्याला चालतो, साहेबाला चालत नाही. साहेबाला 'कुड यू प्लीज' किंवा 'आय वुड बी ग्रेटफुल इफ'.

व्याकरणाचं थोडक्यात: 'हॅड' असला तरी भूतकाळ नाही, पुढे क्रियापद 'टू'शिवाय, आणि नकार द्यायचा तर 'हॅड बेटर नॉट'. जुन्या इंग्रजीत ही रचना 'मला बरं होतं' अशा वळणाची होती, 'मी' नव्हे, 'मला'. म्हणजे "मले गेलेलं बरं" म्हणणारा वऱ्हाडी माणूस हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजाच्या जास्त जवळ आहे. पुढे त्यांनी 'मला' सोडून 'मी' धरला आणि 'हॅड' आणला.

१५. 'शी इज बेटर' म्हणजे आजी पूर्ण बरी झाली की अजून आजारी आहे?

दोन्ही अर्थ होतात, आणि दवाखान्यात हा घोळ महागात पडू शकतो. पूर्ण बरी झाली असेल तर 'शी हॅज रिकव्हर्ड' म्हणावं. कालच्यापेक्षा सुधारली असेल तर 'शी इज बेटर दॅन यस्टरडे'. मराठीत आपण हे क्रियापदानं वेगळं ठेवतो: 'बरी झाली' म्हणजे दुखणं गेलं, 'बरं वाटते' म्हणजे उतार पडला. मुलगा पुण्याहून फोनवर विचारतो आणि इकडून नुसतं "बेटर आहे" जातं, तेव्हा त्यानं गाडी पकडावी की नाही, हे त्याला कळत नाही.

१६. दोघांतला चांगला 'बेटर' की 'बेस्ट'?

दोघांत 'बेटर', तिघांपासून पुढे 'बेस्ट'. लिहिताना पाळा. बोलताना इंग्रजही पाळत नाहीत: पाय दोनच, तरी ते 'बेस्ट फुट फॉरवर्ड' म्हणतात.

१७. 'बेटर हाफ' फक्त बायकोलाच म्हणतात का?

मुळात तसं नव्हतं. आता जोडीदारासाठी वापरतात, नवरा असो की बायको, आणि थोड्या गमतीनं. लग्नपत्रिकेत घालू नये. 'अर्धांगिनी'चं भाषांतर नाही ते, कारण त्यात वाटणी निम्मी-निम्मी नाही, दुसऱ्याचा वाटा चांगला.

१८. अमेरिकन लोक 'बेडर' का म्हणतात?

दोन स्वरांमधला 'ट' त्यांच्याकडे मऊ होतो, जीभ नुसती शिवून जाते. 'वॉटर', 'सिटी'मध्येही तेच. तुम्ही स्वच्छ 'बेटर' म्हणा. फक्त 'बटर' आणि 'बिटर' होऊ देऊ नका.

१९. सट्टा लावणाऱ्यालाही 'बेटर' म्हणतात असं ऐकलं. तोच शब्द का?

उच्चार तोच, शब्द वेगळा. पैज लावणं म्हणजे 'बेट', ती लावणारा 'बेटर'. घोटाळा टाळायला त्याच्या शेवटी पुष्कळदा 'ओ-आर' लिहितात. दरवर्षी आयपीएलच्या दिवसांत हा प्रश्न येतो आणि विचारणारा नेहमी मागच्या बाकावरचा असतो.